पाना-पक्कड पुरते
1986 साली आलेला टाटा 407 जुना झाला तरी भाजीच्या फेऱ्या मारतोच, कारण त्याच्या त्या काळच्या इंजिनाला संगणक लागत नाही, पाना-पक्कड पुरते. टाकी कोरडी पडली की डिझेलच्या लाइनीत हवा शिरते आणि गाडी स्टार्टच होत नाही. अशा वेळी फिल्टरवरचा हवा काढायचा बोल्ट सैल करून हातपंप मारत राहावे. आधी फेसाळ बुडबुडे येतात, मग डिझेलची सलग धार. ती लागली की बोल्ट आवळायचा. बॅटरीच्या टर्मिनलवरचा पांढरा-हिरवा थर खरवडून व्हॅसलीन लावणे, ढिला फॅनबेल्ट ताणणे हेही इंजिन बंद ठेवून घरच्या घरी जमते. ब्रेक-स्टिअरिंगला मात्र हात लावू नका. ते काम मिस्त्रीचेच.