बंद कारखान्यातील स्वस्त घर : भिंती पाहू नका, कागद पाहा

ठाणे-बेलापूर पट्ट्यात हल्ली एक नवा सौदा कानावर येतो. बंद पडलेल्या कारखान्याचा गाळा घ्या, आत भिंती घाला, वर माळा काढा आणि संसार थाटा. भाव नवी मुंबईतील फ्लॅटच्या निम्म्याहून कमी. वर दलाल सांगतो, "यात बँकेची भानगड नाही, म्हणजे व्याजही नाही." हे शेवटचे वाक्य आपल्या बांधवांना लगेच पटते.

मीही असा एक गाळा पाहून आलो. पूर्वी तेथे कापड रंगवण्याचे काम चालत असे. उंच छप्पर, मजबूत भिंती, भरपूर उजेड. मन भुलले. मग कागद मागितले, तेव्हा दलाल चहा मागवू लागला.

व्यापारी बांधवांनो, या पट्ट्यातील कारखान्यांची जमीन १९६२ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची आहे. महामंडळ भूखंड विकत नाही, साधारणपणे ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने देते; तोही उद्योगासाठी. म्हणजे कारखानदार जमिनीचा मालक नाही, पट्टेदार आहे. महामंडळाची परवानगी घेऊन हस्तांतरण शुल्क भरल्याशिवाय त्याला पट्टाही दुसऱ्याच्या नावे करता येत नाही. मग नोटरीच्या कागदावर तो आपल्याला नेमके काय विकतो?

बँक येथे कर्ज देत नाही ते याच कारणाने. व्याज टाळणे ही इमानाची गोष्ट आहे. पण ज्या कागदाला बँक हात लावत नाही, त्यावर आयुष्याची कमाई लावणे हा गाफीलपणा आहे. जो माल विकणाऱ्याचाच नाही, त्याचा सौदा शरीअतीतही जायज नाही. आपण कापडाचे ठाण घेताना ताणा-बाणा तपासतो. घर घेताना डोळे का मिटतो?

दिघ्याचे उदाहरण जुने नाही. २०१५ साली मुंबई उच्च न्यायालयाने तेथील सिडको व महामंडळाच्या जमिनीवरील ९९ बेकायदा इमारतींवर कारवाईचा आदेश दिला. त्या इमारती नव्या होत्या, कारखान्याचे गाळे नव्हते. पण मुद्दा तोच. रहिवाशांनी पैसे मोजले होते, जमीन मात्र दुसऱ्याची होती. हातोडा पडला तो घरात राहणाऱ्यांवर.

शिवाय कारखाना राहण्यासाठी बांधलेला नसतो. जुन्या छपरांवर ॲसबेस्टॉसचे पत्रे असतात. ते कापताना उडणारी धूळ फुप्फुसांना घातक आहे. रंग आणि रसायने वर्षानुवर्षे जमिनीत मुरलेली असू शकतात. त्यावर फरशी घातली म्हणजे ती जागा मुलांना खेळण्याजोगी होत नाही.

याचा अर्थ बंद कारखान्याचे घर होऊच शकत नाही, असा नाही. व्हिएन्ना शहरात १८९९ साली पूर्ण झालेल्या चार प्रचंड गॅसटाक्यांच्या विटांच्या भिंती कायम ठेवून २००१ साली आत शेकडो घरे उभी राहिली. पण ते काम शहराच्या नियोजनातून झाले, रात्रीच्या सौद्यातून नव्हे.

आपल्या मुंबईचा अनुभव कडू आहे. १९८२ च्या संपात अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार उतरले आणि पुढे एकेक गिरणी बंद पडत गेली. गिरण्यांच्या जमिनीचा एक तृतीयांश वाटा घरांसाठी, एक तृतीयांश मोकळ्या जागेसाठी आणि उरलेला मालकाला, असा नियम १९९१ साली झाला. २००१ साली तो फक्त रिकाम्या जमिनीपुरता उरला आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम ठेवला. कामगारांचा वाटा आटला. गिरण्यांच्या जागी मॉल आणि टॉवर आले, आणि कामगारांच्या २,४१७ घरांची सोडत २०१६ साली निघाली ती पार पनवेलजवळच्या कोनला! चावी हाती पडायला अनेकांना त्यानंतरही वर्षे वाट पाहावी लागली.

नवी मुंबईत तसे होऊ नये. शासनाने आणि महामंडळाने बंद कारखान्यांची यादी जाहीर करावी, तेथील जमीन तपासावी आणि जे गाळे योग्य ठरतील तेथे कामगारांसाठी रीतसर घरे होऊ द्यावीत. मात्र त्याआधी त्या कारखान्यातील कामगारांची थकलेली देणी चुकती झाली पाहिजेत. मजुराचा मेहनताना अडवून उभ्या केलेल्या घरात बरकत कोठून येणार? ही मागणी आपल्या व्यापारी संघटनांनीही लावून धरावी.

तोवर बयाणा देण्यापूर्वी चार गोष्टी पाहा : मूळ भाडेपट्टा, हस्तांतरणाचा आदेश, राहण्यासाठी वापराची परवानगी आणि भोगवटा प्रमाणपत्र. महामंडळाच्या कार्यालयात स्वतः जाऊन खात्री करून घ्या. यातला एकही कागद नसेल, तर दलालाचा चहा प्या, शुक्रिया म्हणा आणि घरी परता.