मूल मोठं झालं म्हणजे किती सेंटिमीटर?

मागच्या ईदनंतरची गोष्ट. बहीण आणि दुलेभाई कारने मंगरूळपीरहून नागपूरला लग्नाला निघाले होते. शेलूबाजारला समृद्धी महामार्गावर चढायचं, की पुढे सरळ रस्ता. डिकीत बॅगा मावेनात, म्हणून सहा वर्षांच्या भाच्याची बूस्टर सीट काढून ओसरीवर ठेवली गेली. मी हरकत घेतली, तर दुलेभाई हसून म्हणाले, "मोठा झाला आता तो. यंदा रोजा ठेवला त्याने." आतून अम्मीने भर घातली, "अल्लाह मालिक है."

या दोन वाक्यांशीच माझं भांडण आहे.

आधी रोजाचं घेऊ. भाच्याने रोजा ठेवायचा हट्ट केला तेव्हा या घराने काय केलं? वय मोजलं नाही, मूल पाहिलं. ऊन किती आहे, तब्येत कशी आहे, सहरीला किती खाल्लं, सगळं पाहिलं. दुपारी चेहरा उतरला तेव्हा अम्मीनेच त्याला पाणी पाजलं आणि झाला तुझा रोजा म्हणून सांगितलं. म्हणजे मूल एखाद्या गोष्टीला तयार आहे का, हे त्याच्या शरीरावरून ठरवायचं असतं, हे आपल्याला पक्कं कळतं. मग कारमध्ये बसताना ही अक्कल कुठे जाते?

कारचा बेल्ट मोठ्या माणसाच्या मापाने बनवलेला असतो. लहान मुलाला तो लावला तर वरचा पट्टा गळ्यावर येतो आणि खालचा पोटावर. ब्रेक बसला, धडक झाली, तर तो पट्टा हाडांवर न बसता मऊ पोटात रुततो. वरचा पट्टा गळ्याला टोचतो म्हणून मूल तो पाठीमागे टाकतं, म्हणजे तेही संरक्षण गेलं. बूस्टर काही जादू करत नाही. ती मुलाला फक्त उंच करते, म्हणजे खालचा पट्टा मांड्यांच्या मुळाशी, कमरेच्या हाडावर येतो आणि वरचा खांद्यावर.

बूस्टरवर बसवण्याचीही घाई नको. स्वतःचे पट्टे असलेल्या लहान मुलांच्या सीटमध्ये मूल मावतंय तोवर ते तिथेच बरं. साधारण चार वर्षं आणि 15 किलोच्या आधी तर बूस्टरचा विचारच नको. त्यानंतरही मूल झोपेत एका बाजूला कलंडतं का, बेल्टशी खेळतं का, हे पाहायचं. आणि बूस्टरला कंबर आणि खांदा दोन्हीवरून जाणारा बेल्टच लागतो. जुन्या गाड्यांत मागच्या सीटवर मधल्या जागेला नुसता कमरेचा पट्टा असतो, तिथे बूस्टर लावू नये.

आणि सोडायची कधी? उंची साधारण 145 सेंटिमीटर झाल्यावर. बहुतेक मुलांची ती दहा ते बारा वर्षांच्या दरम्यान होते. ब्रिटनमध्ये 135 सेंटिमीटर किंवा बारा वर्षं असा कायदा आहे, जर्मनीत 150 सेंटिमीटर किंवा बारा वर्षं. आपल्याकडे 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याचं कलम 194-बी सांगतं की 14 वर्षांखालचं मूल बेल्टने किंवा मुलांच्या सीटने बांधलेलं नसेल तर 1,000 रुपये दंड. या कलमात वय आहे, उंची नाही. 'बेल्टने किंवा सीटने' एवढ्यावर ते थांबतं. पण धडकेत मुलाचं वय कोण विचारतं?

आता समृद्धीचं. नागपूर-शिर्डी टप्पा 11 डिसेंबर 2022 ला सुरू झाला आणि आपला वाशिम जिल्हा एकदम वेगाच्या रस्त्यावर आला. कारला तिथे ताशी 120 किलोमीटरची मुभा आहे. गावातल्या 40 च्या वेगापेक्षा हा वेग तिप्पट, पण धडकेची ताकद नऊपट. 50 च्या वेगाने आदळणं म्हणजे साधारण दहा मीटरवरून, तीन मजली घराच्या गच्चीवरून पडणं. तिथे आईच्या मांडीची मिठी टिकत नाही. माया कमी पडते म्हणून नाही, हातांत तेवढी ताकदच नसते म्हणून.

"आम्ही नाही का फटफटीच्या टाकीवर बसून वाढलो?" वाढलो. जे वाढले नाहीत ते हे सांगायला बसलेले नाहीत. "पैसे?" ज्याच्याकडे मोटारसायकलच आहे त्याला मी हे ऐकवत नाही. पण ज्याने कार घेतली आणि अकिकाच्या दावतीला बिर्याणीच्या देगा चढवल्या, त्याने एका देगेहून कमी किमतीच्या सीटसाठी गरिबी सांगू नये.

राहिलं "अल्लाह मालिक है." बेशक आहे. पण तिरमिजी शरीफमधली उंटाची हदीस आपण जुम्याच्या बयानात कितीदा ऐकली? उंट मोकळा सोडून भरवसा ठेवू की बांधून, असं विचारणाऱ्याला पैगंबरांनी (स.) आधी बांधायला सांगितलं, मग भरवसा ठेवायला. आपण उंट बांधतो, बकरी बांधतो, टपावरची बॅग दोरीने दोनदा आवळतो. मोकळं राहतं ते फक्त मूल. औलाद अमानत आहे म्हणायचं आणि अमानत अशी सांभाळायची? याला तवक्कल म्हणत नाहीत, आळस म्हणतात. आपल्या आळसाला अल्लाहचं नाव देणं हा वेगळा गुन्हा.

त्या दिवशी वाद झाला, दुलेभाई थोडे रागावले. शेवटी एक बॅग आमच्याकडे राहिली आणि बूस्टर गाडीत गेली. भाचा मात्र फुगून बसला, कारण त्यालाही 'मोठा झालास' हेच ऐकायचं होतं. मी दाराच्या चौकटीला लावून त्याला मोजलं. 112 सेंटिमीटर. मग 145 वर पेन्सिलने रेघ मारली आणि म्हणालो, "इथपर्यंत ये, मग तू मोठा."

तुमच्याही घरात चौकट आहे. आज एक रेघ मारा.