पोरीवानी काय रडून राह्यला बे?

आधीच सांगून टाकतो. मी कॉन्व्हेंटचं प्रॉडक्ट. मराठी लिहायला बसलो की ऱ्हस्व-दीर्घात पाय अडकतो, तेव्हा चुका पोटात घाला. पण हा विषय इंग्रजीत लिहिला असता तर त्याचा सेमिनार झाला असता, आणि आमच्या हॉस्टेलवर कुणी वाचलाही नसता.

सातवीत होतो तेव्हाची गोष्ट. घाटंजीकडच्या एका गावातला मुलगा आमच्या वर्गात होता. पारधी समाजाचा. रंगाने सावळा, म्हणून सगळे त्याला 'काळ्या' म्हणायचे (मीसुद्धा). हॉस्टेलवर राहायचा. एकदा मधल्या सुट्टीत डबा खाता खाता तो म्हणाला की हॉस्टेलवरचा एक मोठा माणूस रात्री त्याला त्रास देतो. कसला त्रास ते त्याने अर्धंच सांगितलं आणि रडायला लागला. एकजण म्हणाला, "काऊन बे, पोरीवानी काय रडून राह्यला? दोन ठेवून द्यायच्या ना त्याला!" दुसरा म्हणाला, "यायचं काही खरं नसते बे." आणि सगळे हसले. मी पण हसलो.

दिवाळीनंतर तो शाळेत आला नाही. कुणी विचारलं नाही. बेंचवर दुसरा मुलगा बसला, एवढंच.

तेव्हा आम्ही बारा वर्षांचे होतो, समजत नव्हतं, असं म्हणून सुटता येतं. पण ती दोन वाक्यं आमची नव्हतीच. ती आम्ही घरी, गल्लीत, टीव्हीवर ऐकलेली होती. पहिल्या वाक्याचा अर्थ असा की मुलगा असेल तर त्याच्यावर असं काही होऊच शकत नाही, आणि झालं तर तो 'खरा' मुलगा नाही. दुसऱ्याचा अर्थ असा की अमुक जातीचा, अमुक रंगाचा माणूस खोटंच बोलणार. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला, पुढे त्या यादीत पारधीही आले. कायदा १९५२ साली रद्द झाला. आमच्या डब्याच्या बेंचवर मात्र तो चालूच होता!

आता कुणी म्हणेल, मुलांच्या बाबतीत असं कितीसं होत असेल? केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली बाल अत्याचारांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तेरा राज्यं, त्यात आपला महाराष्ट्रही, आणि १२,४४७ मुलं-मुली. त्यातल्या निम्म्याहून जास्त, म्हणजे ५३.२२ टक्के मुलांनी लैंगिक अत्याचाराचा कुठला ना कुठला प्रकार अनुभवल्याचं सांगितलं. आणि या सांगणाऱ्यांमध्ये ५२.९४ टक्के मुलगे होते. मी हा आकडा दोनदा वाचला. आपल्याला वाटतं त्याच्या अगदी उलट आहे हा.

मुंबईचं अँकरेज प्रकरण तुम्ही ऐकलंय का? मी सेकंड इयरला असताना पहिल्यांदा वाचलं. डंकन ग्रँट आणि ॲलन वॉटर्स हे ब्रिटिश नौदलातले दोन माजी लोक. ग्रँटने १९९५ साली कुलाब्यात रस्त्यावरच्या मुलांसाठी निवारा काढला, नंतर मुरूडलाही. फुटपाथवरच्या पोरांना जेवण, कपडे, राहायला जागा. गोरा साहेब एवढ्या लांबून येऊन आपल्या पोरांसाठी करतोय म्हटल्यावर शंका कोण घेणार? आपण गोऱ्या कातडीला न मागता कॅरेक्टर सर्टिफिकेट देतो, आणि फुटपाथवरच्या पोराला न मागता चोर ठरवतो. २००१ साली प्रकरण पोलिसांत गेलं. २००६ साली सेशन्स कोर्टाने दोघांना सहा वर्षांची शिक्षा दिली. २००८ साली हायकोर्टाने सोडलं, मुलांच्या साक्षी विश्वासार्ह वाटत नाहीत म्हणून. शेवटी २०११ च्या मार्चमध्ये सुप्रीम कोर्टाने त्या साक्षी खऱ्या मानल्या आणि शिक्षा कायम केली. म्हणजे त्या मुलांवर पूर्ण विश्वास ठेवायला या देशाला दहा वर्षं लागली. तोपर्यंत ती मुलं मोठी होऊन गेली असतील.

गोव्यातही तेच. मडगावात अनाथाश्रम चालवणारा फ्रेडी पीट्स १९९१ साली पकडला जाईपर्यंत लोकांच्या नजरेत समाजसेवकच होता.

तिकडे अमेरिकेतली तऱ्हा अजून वेगळी. टेरी क्रूज नावाचा कृष्णवर्णीय नट आहे, आधी फुटबॉल खेळायचा, अक्षरशः पहाडासारखा माणूस. हॉलिवूडच्या एका बड्या एजंटने पार्टीत आपल्याशी घाणेरडा चाळा केला, असं त्याने २०१७ साली जाहीर केलं. लोकांनी काय विचारलं असेल? तेच, आमच्या सातवीच्या वर्गातलं. दोन ठेवून का नाही दिल्या? त्याने उत्तर दिलं की दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी आली असती, धिप्पाड काळ्या माणसाने बड्या माणसाला बदडलं, आणि आत मी गेलो असतो. २०१८ साली त्याने हे सिनेटसमोरही सांगितलं. म्हणजे मारलं तर गुंड, नाही मारलं तर नामर्द! वर त्याच्यावर जोक झाले ते वेगळेच.

कायद्याचं सांगायचं तर अठरा वर्षांखालच्यांसाठी २०१२ चा पॉक्सो कायदा मुलगा-मुलगी असा भेद करत नाही, हे चांगलं आहे. पण अठरावा वाढदिवस झाला की मुलगा कायद्याच्या नजरेतून गायबच होतो. बलात्काराच्या व्याख्येत पीडित फक्त स्त्री. २०१३ साली वर्मा समितीने सुचवलं होतं की पीडित कुणीही असू शकतो असा कायदा करा. झाला नाही. मग उरलं होतं ते ३७७ कलम. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, त्यात ३७७ पूर्ण गेलं. संमतीने राहणाऱ्यांना गुन्हेगार ठरवणारा भाग २०१८ सालीच सुप्रीम कोर्टाने काढला होता, ते योग्यच झालं. पण जबरदस्तीचा भाग शिल्लक होता, तोही गेला आणि त्याच्या जागी काहीच आलं नाही. आज आपल्या हॉस्टेलवरच्या वीस वर्षांच्या मुलावर कुणी बळजबरी केली तर पोलीस मारहाणीची वगैरे कलमं लावतील. जे झालं त्याचं नाव मात्र कुठल्याच कलमात नाही.

काही मुली (आणि एक मॅडम) हे वाचून म्हणतील, आता मुलांचंही रडगाणं सुरू झालं. त्यांची चीड मला कळते. कारण आपल्याकडे पुरुषांवरच्या अत्याचाराची आठवण बहुतेकांना तेव्हाच येते, जेव्हा मुलींच्या मोर्च्याला टोमणा मारायचा असतो. एरवी त्यांना त्या मुलाशी काही घेणंदेणं नसतं. मला तसं काही करायचं नाही. 'पोरीवानी' ही शिवी पोरींनाच आधी लागते, हे मला कळायला वीस वर्षं लागली.

आणि आपण इंजिनिअरिंगवाले? २०२३ च्या ऑगस्टमध्ये कोलकात्याला जादवपूर विद्यापीठाच्या हॉस्टेलवर फर्स्ट इयरच्या एका मुलाचा मृत्यू झाला. त्याला विवस्त्र करून फिरवलं होतं, असं पोलिसांनी सांगितलं. या प्रकाराला आपण 'रॅगिंग' म्हणतो. हेच एखाद्या मुलीच्या बाबतीत झालं असतं तर आपण कुठला शब्द वापरला असता? 'इंट्रो' म्हणून कपडे काढायला लावणं आणि त्याचे किस्से रात्री मेसच्या बाहेर हसत हसत सांगणं, हे मी कानांनी ऐकलंय. सांगणारा स्वतःचाच किस्सा सांगत होता. तो सगळ्यात जोरात हसत होता, म्हणून कुणाला काही वाटलं नाही.

यूजीसीचे २०१५ चे लैंगिक छळाबाबतचे नियम आहेत. नाव स्त्रियांचं असलं तरी त्यात चक्क लिहिलंय की काही पुरुष आणि तृतीयपंथी विद्यार्थ्यांनाही याचा धोका असतो आणि संस्थेने त्यांच्यासाठीही पावलं उचलली पाहिजेत. हे वाचून मी आपला नोटीस बोर्ड बघायला गेलो. 'विद्यार्थिनींनी तक्रारीसाठी संपर्क साधावा,' खाली तीन मॅडमची नावं आणि नंबर. मी ऑफिसमध्ये जाऊन विचारलं, सर, मुलाला तक्रार करायची असेल तर?

सरांनी चष्मा काढला, माझ्याकडे जरा निरखून पाहिलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "का रे, तुझं काही आहे का?"

मी घाईघाईने म्हणालो, "नाही नाही सर, मॅगझिनसाठी!"