कौल नव्हे, आत्मपरीक्षण

भविष्य जाणण्याची उत्कंठा फार प्राचीन आहे. तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी चीनमध्ये शांग राजे कासवाच्या कवचाला किंवा बैलाच्या खांद्याच्या हाडाला उष्णता देत आणि उमटलेल्या तड्यांवरून युद्ध, पीक, आजार यांविषयी कौल घेत. पुढे झोऊ काळात ‘यी चिंग’ हा परिवर्तनाचा ग्रंथ आकारास आला. त्यात अखंड व खंडित अशा सहा-सहा रेषांच्या ६४ आकृती आहेत. ४९ काड्यांची विभागणी करून अथवा तीन नाणी सहा वेळा टाकून त्यांपैकी एक आकृती मिळते आणि तिच्यावरील वचन वाचायचे असते.

रिचर्ड विल्हेल्म यांचा जर्मन अनुवाद १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या इंग्रजी रूपांतरास मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांनी प्रस्तावना लिहिली आणि हा ग्रंथ सतत आत्मज्ञानाचा आग्रह धरतो, याकडे लक्ष वेधले. आजच्या वाचकास त्याचा खरा उपयोग येथेच आहे. नाणी कशीही पडोत, वचन वाचताना आपले मन कोठे सुखावते आणि कोठे बिचकते, हे आपणांस कळते.

समजा, कर्ज काढून शेजारचा गाळा घ्यावा की नाही, असा प्रश्न घरात उभा आहे. ‘धंदा चालेल का?’ याचे उत्तर कोणतेही नाणे देऊ शकत नाही. ‘हे पाऊल टाकताना मी काय सांभाळावे?’ असे विचारल्यास विचाराला दिशा मिळते. साठावी आकृती मर्यादेची आहे. तिचे चिनी अक्षर बांबूच्या पेराचेही वाचक आहे. सरोवरात मावेल तितकेच पाणी राहते, हा तिचा बोध. मात्र कडू झालेली मर्यादा धरून ठेवू नये, असेही ती बजावते. मग दोन प्रश्न समोर येतात. मंदीच्या महिन्यातही हप्ता पेलेल काय? आणि त्यासाठी मुलांच्या शिक्षणाला कात्री लावावी लागेल काय?

चौथ्या आकृतीत आणखी एक इशारा आहे: तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणाऱ्यास उत्तर मिळत नाही. मनाजोगते उत्तर मिळेपर्यंत दहा जणांचा सल्ला घेणाऱ्यांनी हे ध्यानी ठेवावे.

प्रश्न कागदावर लिहावा, दिनांक घालावा, खाली आपले मत नोंदवावे आणि एक रात्र जाऊ द्यावी. सकाळी घरातील मंडळींसह तो कागद वाचावा. निर्णय आणि त्याची जबाबदारी आपलीच असते.