गाडी सगळ्यांची एकच, मग जिंकतो कोण?

मोटारींची शर्यत संपली की घरात एक वाद हमखास सुरू होतो. ताई म्हणते, "चालक भारी होता." दादा म्हणतो, "छे! त्याचं इंजिनच भारी होतं." फॉर्म्युला वनमध्ये हा वाद मिटणं कठीण, कारण तिथं प्रत्येक संघाची गाडी वेगळी. मग एक करता येईल. सगळ्यांना एकाच कंपनीची, एकाच मॉडेलची गाडी द्यायची! अशा शर्यतींना 'वन-मेक' मालिका म्हणतात.

१९७९ साली बीएमडब्ल्यू कंपनीनं असाच झकास बेत केला. 'एम-१' ही तिची नवी स्पोर्ट्स कार. पण ज्या गटात ती उतरवायची होती, तिथला नियम असा, की आधी अशा ४०० गाड्या तयार झाल्या पाहिजेत. तोवर काय हात बांधून बसायचं? कंपनीच्या रेसिंग विभागाचे प्रमुख योखेन नीरपाश यांनी फक्त एम-१ गाड्यांचीच मालिका काढली, 'प्रोकार'. युरोपातल्या फॉर्म्युला वन शर्यतींच्या जोडीला ती व्हायची. आणि गंमत ऐका! शुक्रवारच्या सरावात फॉर्म्युला वनचे जे पाच चालक सर्वांत वेगवान ठरत, त्यांना कंपनी आपल्या गाड्या चालवायला देई. बाकीच्या एम-१ इतर संघांच्या. इंजिन सुमारे ४७० अश्वशक्तीचं. पहिल्या वर्षी अजिंक्य ठरला निकी लाउडा, दुसऱ्या वर्षी नेल्सन पिके. लाउडा तोवर दोनदा विश्वविजेता झालेला होता आणि पिके १९८१ मध्ये झाला. म्हणजे दादाला थोडं नमतं घ्यावं लागेल!

प्रोकार दोनच वर्षं चालली. पण १९९३ मध्ये सुरू झालेला पोर्शे सुपरकप अजून चालू आहे. फॉर्म्युला वनच्याच मैदानांवर, आणि सगळ्या गाड्या पोर्शे ९११.

आता, गाड्या सारख्या आहेत म्हणणं सोपं, पण त्या सारख्या ठेवायच्या कशा? संघांचे मेकॅनिक काही कमी हुशार नसतात. म्हणून इंजिनाला सील लावलेलं असतं. तुमच्या घरच्या विजेच्या मीटरला असतं ना, तसंच. ते उघडून आत खुडबुड करायची सोय नाही. टायर सगळ्यांना एकाच कंपनीचे, तेही मोजून. वजनाची मर्यादा असते आणि गाडी चक्क काट्यावर चढवतात. मग संघाच्या हातात उरतं काय? टायरमधली हवा, चाकांचा कल, मागच्या पंखाचा कोन, असं थोडंफार. (हा पंख गाडीला उडवत नाही बरं का, उलट जमिनीवर दाबून धरतो.) पंख जास्त उभा केला तर वळणावर पकड चांगली, पण सरळ रस्त्यावर वेग कमी. हा हिशेब ज्याला जमला तो पुढे.

गाडी सारखी म्हटल्यावर पुढच्याला गाठणं भलतंच अवघड. त्याच्याइतकीच ताकद तुमच्याकडे! मग त्याच्या अगदी मागे चिकटून राहायचं. समोरून वारा असताना सायकलवर कुणाच्या मागे राहिलात तर पाय हलके होतात, तसंच इथं होतं. आणि वळण आलं की ब्रेक त्याच्यापेक्षा कणभर उशिरा दाबायचा. फार उशीर झाला, तर थेट वाळूत!

एक गोष्ट मात्र कुठल्याच सीलनं सारखी होत नाही, ती म्हणजे पैसा. ज्याच्याकडे तो जास्त, त्याला सराव जास्त करता येतो. कितीतरी चांगली मुलं प्रायोजक न मिळाल्यामुळे घरी बसतात. कंपनीचं मात्र नुकसान नाही. कुणीही जिंकलं तरी जिंकते तिचीच गाडी!

सुपरकपमध्ये पाहुण्या चालकांसाठीही गाडी ठेवलेली असायची. १९९३ मध्ये मोनाकोला त्या गाडीत बसला फिनलंडचा मिका हक्किनेन. तेव्हा तो मॅक्लारेन संघात नुसता सराव-चालक होता, शर्यतीत त्याला जागा नव्हती. मोनाकोचे रस्ते चिंचोळे, दोन्ही बाजूंना कठडे. शिवाय बाकीचे सगळे या गाडीत मुरलेले. तरी शर्यत जिंकली पाहुण्यानं! त्याच वर्षी सप्टेंबरात मॅक्लारेननं त्याला फॉर्म्युला वनच्या शर्यतीत उतरवलं.