फायर ऑफिसर व्हायचंय? फी भरण्याआधी जाहिरात वाचा

पहाटे साडेपाचला साताऱ्याच्या शाहू स्टेडियमवर किंवा सांगलीच्या शिवाजी स्टेडियमवर एक चक्कर मारा. सोळाशे मीटर पळणारे, गोळा फेकणारे, घड्याळ लावून उठाबशा काढणारे सगळे भेटतील. ‘कशाची तयारी?’ म्हटलं की उत्तर ठरलेलं : पोलीस, आर्मी, नाहीतर एसआरपी. आता त्यात एक नाव वाढलंय, फायर.

वाढायला कारणही आहे. २०२३ मध्ये नगरपरिषद प्रशासन संचालनालयाने राज्यातल्या नगरपालिकांसाठी १,७८२ पदांची जाहिरात काढली. त्यातली ३७२ पदं अग्निशमन सेवेची होती. त्याच वर्षाच्या सुरुवातीला मुंबई अग्निशमन दलाने दहिसरच्या मैदानावर ९१० पदांसाठी भरती घेतली. असे आकडे दिसले की फ्लेक्स लागायला वेळ लागत नाही. ‘फायर अँड सेफ्टी डिप्लोमा, दहावी-बारावी-पदवीधर कुणीही, शंभर टक्के नोकरी.’ घरच्यांनी सोसायटीचं कर्ज काढून किंवा उसाच्या बिलातून ही फी भरायची, वर्षभराने पोरगं सर्टिफिकेट घेऊन भरतीला जायचं आणि कागदपत्र तपासणीच्या टेबलावर ऐकायचं, ‘हा कोर्स चालत नाही.’ पळण्यात पहिला आलेला मुलगा तिथून परत येतो.

म्हणून आधी हे समजून घ्या, की ‘फायर’ या एका शब्दात तीन वेगळ्या नोकऱ्या आहेत.

पहिली जवानाची, म्हणजे फायरमनची. बहुतेक नगरपालिका आणि महापालिका यासाठी मुंबईत कालिना इथल्या राज्य अग्निशमन प्रशिक्षण केंद्राचा सहा महिन्यांचा कोर्स मागतात. मुंबईचं दल याला अपवाद. २०२३ च्या भरतीत त्यांनी बारावी मागितली, प्रशिक्षण निवडीनंतर स्वतःच द्यायचं होतं. पण उंचीची अट मुलांना १७२ आणि मुलींना १६२ सेंटिमीटर. टेप लावून बघा आधी.

दुसरी नोकरी अधिकाऱ्याची. इथे साधारणपणे पदवी लागते आणि पदवीच्या जोडीला कालिन्याचा उपस्थानक अधिकारी व अग्निप्रतिबंधक अधिकारी हा कोर्स किंवा नागपूरच्या राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयाचा कोर्स. नागपूरचं हे कॉलेज केंद्रीय गृहखात्याचं. तिथे बारावी सायन्सनंतर फायर इंजिनिअरिंगची बी. ई. पदवीही करता येते. हर्षिनी कान्हेकर तिथल्या पहिल्या मुलगी विद्यार्थिनी, २००२ च्या. पुढे त्या ओएनजीसीत फायर ऑफिसर झाल्या. मुलींनो, हे नाव लक्षात ठेवा, घरी सांगायला उपयोगी पडेल.

तिसरी नोकरी सेफ्टी ऑफिसरची आणि इथेच सगळ्यात जास्त गोंधळ होतो. मोठ्या कारखान्यात कायद्यानुसार सेफ्टी ऑफिसर नेमावा लागतो. त्याची पात्रता वेगळी : इंजिनिअरिंग किंवा विज्ञानाचं शिक्षण, प्रत्यक्ष कामाचा अनुभव, त्यावर औद्योगिक सुरक्षेचा मान्यताप्राप्त डिप्लोमा. फ्लेक्सवरचा ‘फायर अँड सेफ्टी’ हा जोडशब्द या सगळ्या वाटा एकाच दारातून जातात असं भासवतो.

मग कम्युनिटी कॉलेजचं काय? ‘आमच्याकडे यूजीसीची पदवी मिळते’ हे तुम्ही ऐकलं असेल. यूजीसीने २०१३-१४ च्या सुमारास कम्युनिटी कॉलेज आणि बी. व्होक. या योजना आणल्या. एक वर्षाला डिप्लोमा, दोन वर्षांना ॲडव्हान्स्ड डिप्लोमा, तीन वर्षांना पदवी. आणि निम्म्याहून जास्त क्रेडिट प्रत्यक्ष कौशल्याचे. कल्पना उत्तम. ‘कोणत्याही शाखेची पदवी’ मागणाऱ्या स्पर्धा परीक्षेला बी. व्होक. चालते, हेही खरं. म्हणजे अधिकारीपदाच्या दोन अटींपैकी पदवीची अट ती भागवू शकते. दुसरी अट, कालिना किंवा नागपूर, तशीच उरते. कॉलेजच्या माहितीपुस्तकात पहिली गोष्ट ठळक छापलेली असते, दुसरी तुम्हालाच शोधावी लागते.

अमेरिकेत या बाबतीत गाडी बरीच पुढे गेलीय. तिथे गावातल्या कम्युनिटी कॉलेजात ‘फायर सायन्स’ची दोन वर्षांची पदवी मिळते. बरेच विद्यार्थी आधीच दलात असतात. चोवीस तास ड्युटी केल्यावर अठ्ठेचाळीस तास सुट्टी, अशा पाळ्या सांभाळत ते शिकतात आणि अनेक ठिकाणी बढतीच्या वेळी ही पदवी मोजली जाते. शिकवणारं कॉलेज आणि नोकरी देणारं स्टेशन एकाच गावात आणि दोघांचं आधी बोलणं झालेलं. कर्मवीरांच्या ‘कमवा आणि शिका’च्या जिल्ह्याला ही गोष्ट परकी वाटायचं कारण नाही.

आणि गरज म्हणाल, तर ती आपल्याच भागात आहे. साखर कारखान्यांच्या डिस्टिलऱ्यांमध्ये इथेनॉलचा साठा असतो. अल्कोहोलच्या आगीवर साधा फोम टिकत नाही, विरघळून जातो; त्याला वेगळा, अल्कोहोलरोधक फोम लागतो. सांगली-तासगावची बेदाण्याची कोल्ड स्टोअरेज घ्या, अमोनिया गळला तर वाऱ्याची दिशा बघून माणसं हलवणारा कुणीतरी हवा. नोव्हेंबर २०२४ मध्ये कडेगाव तालुक्यातल्या शाळगावच्या एमआयडीसीत वायुगळतीने तिघांचा जीव गेला. मिरजेत तर गल्लोगल्ली हॉस्पिटलं. महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्यानुसार त्यांना दर जानेवारी आणि जुलैत अग्निसुरक्षा यंत्रणा चालू असल्याचं ‘फॉर्म बी’ द्यावं लागतं. जानेवारी २०२१ मध्ये भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात दहा बाळं दगावली, त्यानंतर हा कागद किती गंभीर आहे ते सगळ्यांना कळलं. पण पंप खरंच सुरू करून बघणारा, जिना मोकळा आहे का हे तपासणारा प्रशिक्षित माणूस हवा ना!

यात पूर धरलाच नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली, धोक्याची पातळी ४५ फूट. अशा वेळी बोट काढायची ती अग्निशमन दलानेच. मांढरदेवी आठवा, २५ जानेवारी २००५ : चेंगराचेंगरी, मग दुकानांना लागलेली आग, त्यात फुटणारे गॅस सिलिंडर. अशा डोंगरावरच्या यात्रेत काय करायचं, हे कुठल्या पुस्तकात असेल ते असो, वाई आणि साताऱ्यातल्या पोरांना ते शिकवलं पाहिजे.

राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीने अग्निशमन हे नगरपालिकांचं काम ठरवलं. त्यामुळे फड पेटला की खेडेगाव शेजारच्या शहराच्या किंवा साखर कारखान्याच्या बंबाची वाट बघत बसतं. तालुक्याला माणसं तयार झाली तर हेही थोडं बदलेल. शिवाजी विद्यापीठ किंवा साताऱ्याचं कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ असा कोर्स आखू शकतं. पण आधी अग्निशमन संचालनालयाची मान्यता आणि सेवाप्रवेश नियमांत त्या कोर्सचं नाव, मगच प्रवेश. उलट्या क्रमाने केलं तर आणखी एक बॅच टेबलावरून परत येईल. विद्यार्थी संघटनांनी निवेदन द्यायचंच असेल तर या मागणीचं द्या.

तोवर तुमच्यापुरतं एक करा. जिथे नोकरी हवी तिथली शेवटच्या भरतीची जाहिरात काढा. शैक्षणिक अर्हतेची ओळ शब्दशः वाचा, वय, उंची, छाती पेनाने लिहून ठेवा. मग तो कागद घेऊन संस्थेच्या ऑफिसात जा आणि विचारा, ‘या ओळीत तुमचा कोर्स कुठे बसतो ते दाखवा आणि लेखी द्या.’ लेखी द्यायला का कू करायला लागले, तर फी खिशातच ठेवा.