लामत्याचा निकाल कोणाच्या पदरी?

दहावीचे निकाल लागले की शाळाशाळांच्या टक्केवारीचे पेव फुटते. अमुक शाळेचा निकाल शंभर टक्के, तमुक शाळेचा चाळीस; एकीच्या फलकावर हार चढतात, दुसरीच्या मुख्याध्यापकांना जाब विचारला जातो. या गदारोळात एक साधा प्रश्न मात्र कोणी विचारीत नाही. या शाळेच्या बाकांवर बसले होते तरी कोण?

हा प्रश्न विचारण्यासाठी आम्ही आज वाचकांना बेळगाव-निपाणीहून दूर, बालाघाट जिल्ह्यातील लामता या गावी नेणार आहो. गोंदियाहून बालाघाट-नैनपूरमार्गे जबलपूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील हे लहानसे गाव. विसाव्या शतकाच्या आरंभी घातलेला हा सातपुड्यातील अरुंद रूळमार्ग आता रुंद झाला आहे. ज्या प्रदेशातून तो जातो तो मात्र आमच्या वाचकांना परका वाटण्याचे कारण नाही. एकोणिसाव्या शतकात भंडारा, शिवनी व मंडला या जिल्ह्यांचे तुकडे जोडून बालाघाट जिल्हा बनविण्यात आला. 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यांची फेररचना झाली तेव्हा भंडारा मुंबई राज्यात आला व बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. वैनगंगा दोन्हीकडून वाहते; रेषा माणसांनी ओढली.

अशा गावच्या माध्यमिक शाळेचा वर्ग डोळ्यांसमोर आणावा. जिल्ह्याच्या दक्षिणेकडे वारासिवनी-लांजीच्या बाजूस मराठीचा वावर; धानाच्या शेतीत मुरलेल्या पोवार समाजाच्या घरी हिंदी-मराठी दोहोंशी नाते सांगणारी पोवारी; आणि उत्तरेस व पूर्वेस डोंगर चढू लागले की गोंडांची व बैगांची वस्ती. या साऱ्या घरांतून येणाऱ्या मुलांपुढे शाळेत एकच हिंदी पाठ्यपुस्तक उघडते व भोपाळच्या मंडळाची एकच प्रश्नपत्रिका येते. ज्याच्या घरी ती भाषा पूर्वीपासून नांदते त्याला केवळ गणित शिकावयाचे असते. गोंडी बोलणाऱ्या घरच्या मुलीला गणित शिकण्यापूर्वी गणिताची भाषा शिकावी लागते. दोघांना एकाच तराजूत तोलून एकाला हुशार व दुसरीला मठ्ठ ठरविणे हा न्याय नव्हे.

टक्केवारीचे दुसरे कपट याहून खोल आहे. उदाहरणादाखल एक हिशेब मांडू. एखाद्या शाळेत नववीला साठ मुले आली, दहावीच्या परीक्षेस चाळीस बसली आणि तीस उत्तीर्ण झाली. शाळेचा निकाल पंचाहत्तर टक्के म्हणून नोंदला जाईल व गावाला धन्यता वाटेल. परंतु नववीत आलेल्या मुलांपैकी निम्मीच पार पडली, हे त्या आकड्यात कोठेही दिसणार नाही. उरलेली वीस मुले कोठे गेली? कोणी आईबापांबरोबर मजुरीला परमुलखी गेले, कोणी तेंदूपानाच्या हंगामात रानात गेले ते परतलेच नाही, कोणा मुलीचे लग्न ठरले. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याचे छत्र सहा ते चौदा वर्षांपुरते, म्हणजे आठवीपर्यंतचे. नेमके ते छत्र संपते तेथूनच गळती लागावी हा योगायोग नाही.

घटनेच्या 350-अ कलमाने भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची पुरेशी सोय करण्याचे दायित्व प्रत्येक राज्यावर टाकले आहे. हे कलम 1956 च्या फेररचनेबरोबरच आले, हे आमच्या वाचकांस सांगणे नलगे. सीमाभागातील मराठी शाळांसाठी त्याचा उच्चार आपण वर्षानुवर्षे करीत आलो आहो. परंतु त्या कलमात मराठीचे नाव नाही, तसेच गोंडीचेही नाव नाही. तेथे आहे ते फक्त मूल. 2011 च्या जनगणनेप्रमाणे गोंडी बोलणारे सुमारे 30 लाख. बोडो, डोगरी व मणिपुरी यांपैकी प्रत्येक भाषेच्या भाषकांहून ही संख्या मोठी. तरीही त्या तिन्ही भाषा आठव्या परिशिष्टात आहेत आणि गोंडी बाहेर आहे.

येथे आम्हांस स्वकीयांशीही चार शब्द स्पष्ट बोलले पाहिजेत. 1946 साली बेळगावच्या साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला तेव्हा अध्यक्षपदी नागपूरचे ग. त्र्यं. माडखोलकर होते. वैनगंगेच्या मुलखाशी सीमाभागाचे नाते असे जुने आहे. पण बालाघाटचे नाव निघताच तेथे मराठी डोकी किती एवढेच मोजणारा कार्यकर्ता आम्ही पाहिला आहे. मराठी मुलाची मातृभाषा तेवढी पवित्र आणि त्याच बाकावर शेजारी बसलेल्या गोंड मुलाची ती अडचण, असे जर आपण मानू लागलो तर आपली मागणी हक्काची न राहता केवळ संख्याबळाची होईल. संख्याबळाच्याच न्यायाने कोणी आपल्या शाळांवर वरवंटा फिरवू लागला, तर मग त्याला कोणत्या तोंडाने अडविणार?

म्हणून आमचे मागणे थोडके आहे. प्रत्येक शाळेच्या निकालाशेजारी दोन वर्षांपूर्वी नववीत किती मुले होती तो आकडा छापावा. मुलांच्या घरची भाषा पटावर नोंदवावी. जेथे ती पाठ्यपुस्तकाहून वेगळी असेल तेथे पहिल्या इयत्तेपासून ती जाणणारा शिक्षक द्यावा आणि दूरच्या पाड्यांवरील मुलींना नववी-दहावीसाठी वसतिगृह द्यावे. हे मागणे भोपाळच्या सरकारकडे आहे, बंगळूरच्या सरकारकडे आहे आणि मुंबईच्याही सरकारकडे आहे. गडचिरोलीत गोंडी बोलणारी मुले मराठी पुस्तकापुढे अशीच अडखळतात, हे आपण विसरू नये.

उद्या आपल्या गावच्या शाळेचा निकाल फलकावर लागेल. उत्तीर्णांचे अभिनंदन अवश्य करावे. मात्र पेढे वाटून झाल्यावर पालकांनी मुख्याध्यापकांकडे जुना पट मागावा आणि त्यातील जी नावे फलकावर नाहीत त्यांच्या घरी जाऊन यावे.